निफाडचा बांबू आणि येनाचा ड्रोन

(येनामधल्या मराठी कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना सुटलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



आयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि त्यानंतर लगेच फराळ आहे. चकलीचा वास इथपर्यंत येतोय, तेव्हा वेळ पाळायची जबाबदारी माझी.

सुरुवातीला एक प्रश्न विचारतो. इथे आयटीवाले बरेच आहेत, त्यातल्या कितीजणांनी येनाला येण्याआधीच येनाचं हवामान पाहिलं होतं? हसू नका, प्रश्न खरा आहे. मशीन लर्निंग शिकताना ज्यांनी कधी 'येना क्लायमेट' नावाची फाइल उघडली असेल त्यांनी हात वर करा. बघा, चार, पाच... सहा! बाकीच्यांसाठी सांगतो. इथे बॉयटेनबेर्गच्या टेकडीवर माक्स प्लांक सोसायटीची जैव-भूरसायनशास्त्राची संस्था आहे, १९९७ मध्ये स्थापन झालेली. तिचं एक हवामान केंद्र आहे. तापमान, हवेचा दाब, आर्द्रता, वारा अशा चौदा गोष्टी तिथे दर दहा मिनिटांनी नोंदल्या जातात. २००९ ते २०१६ या आठ वर्षांच्या नोंदींची फाइल फ्रान्स्वा शोले यांनी आपल्या २०१७ च्या डीप लर्निंगवरच्या पुस्तकात उदाहरण म्हणून घेतली, आणि तेव्हापासून जगभरची पोरं त्यावर हात साफ करतात. ४ लाख २० हजार ५५१ ओळी! पुण्यात, बंगळुरात, कुठे कुठे बसून कोण कोण उद्याचं येनाचं तापमान वर्तवत असतं, आणि त्यातल्या बहुतेकांना येना नकाशावर दाखवता येणार नाही.

त्या फाइलमध्ये एक गंमत आहे. काही ओळींत वाऱ्याचा वेग उणे ९९९९ लिहिलेला आहे. एवढा वारा, आणि तोही उणे, नेपोलियनलासुद्धा झेपला नसता! अर्थात तो वारा नव्हेच. उपकरणाकडून आकडा आला नाही की त्या जागी असं काहीतरी भरायची जुनी पद्धत आहे. ज्यानं ते साफ न करता तसंच मॉडेलला भरवलं, त्याचं मॉडेल वेडं होतं. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा: आकडा आला म्हणजे मोजमाप झालं असं नाही.

पण माझा आजचा मुद्दा वेगळा आहे. चार लाख ओळी आहेत खऱ्या, पण सगळ्या एकाच जागेच्या, जमिनीजवळच्या. त्याच्या वर शंभर मीटरवर काय चाललं होतं ते त्यात नाही. आणि येनासारख्या गावात खरी मजा तिथेच असते.

आपल्या सगळ्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबरातली इथली सकाळ माहीत आहे. झाले नदीच्या खोऱ्यात दुधासारखं धुकं भरलेलं असतं, ट्रॅमचे दिवे दहा पावलांवर आल्यावर दिसतात, भारतातून नुकत्याच आलेल्या सासूबाई विचारतात, "इथे सूर्य असतो की नाही?" आणि तुम्ही त्यांना घेऊन येन्त्सिग चढलात की वर लख्ख ऊन! खाली पांढरा समुद्र, त्यातून येनटॉवरचं डोकं तेवढं वर आलेलं. कित्येकदा वर चढल्यावर जॅकेट काढावं लागतं, कारण वर हवा खालच्यापेक्षा गरम असते.

शाळेत आपण शिकलो की वर जावं तसं थंड होतं. कोरडी हवा वर चढली की शंभर मीटरला जवळजवळ एक अंशानं थंड होते, हे खरंच आहे. पण निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून देते, जमिनीला चिकटलेली हवा गार होते, आणि गार हवा जड असल्यामुळे डोंगरउतारावरून पाण्यासारखी ओघळत खोऱ्यात येऊन साचते. ऊबदार हवा वर झाकणासारखी बसते. याला भूगोलाच्या पुस्तकात 'तापमानाची विपरीतता' म्हणत, इथले लोक 'इन्व्हर्जन' म्हणतात. शब्द कोणताही घ्या, भांडं तेच आणि झाकण तेच. दिवाळीच्या रात्री पुण्यात फटाक्यांचा धूर वर न जाता गल्लीत तरंगत राहतो, त्यामागेही हेच झाकण असतं.

इथल्या इतिहासातही धुकं आहेच. १४ ऑक्टोबर १८०६ ची येनाची लढाई सुरू झाली ती दाट धुक्यात. नेपोलियननं आदल्या रात्रीतून तोफा लांडग्राफेनबेर्गवर चढवल्या होत्या. सकाळी दहाच्या सुमाराला धुकं विरळ झालं तेव्हा प्रशियनांना समोर नेमकं कोण आणि किती उभं आहे ते कळलं. तेव्हा त्यांच्याकडे एखादा ड्रोन असता तर... असो, जर-तरच्या इतिहासात शिरलो तर फराळ थंड होईल.

त्याच सुमाराला ग्योटे हा वायमारच्या दरबारातला मंत्री होता. शाळेत आपण त्याची एकच गोष्ट ऐकलेली, की शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला. तो खरोखर नाचला की नाही माहीत नाही, पण ढगांचं वेड त्याला नक्की होतं. ल्यूक हॉवर्ड या इंग्रज माणसानं ढगांना दिलेली नावं त्यानं उचलून धरली आणि येनाच्या वेधशाळेतून हवेच्या नियमित नोंदी व्हाव्यात म्हणून लक्ष घातलं. म्हणजे बॉयटेनबेर्गवरच्या त्या फाइलचं खापरपणजोबापण इथल्याच मातीतलं.

आता वरची हवा मोजायची कशी? माणसानं सगळं करून पाहिलं आहे. बर्लिनच्या आग्नेयेला लिंडेनबेर्ग नावाचं गाव आहे. तिथे १९०५ मध्ये रिचर्ड आस्मान यांनी वेधशाळा सुरू केली आणि हवा मोजायला काय वापरलं? पतंग! संक्रांतीचा नव्हे. पेटीसारखे मोठाले पतंग, मांज्याऐवजी पोलादी तार, ती गुंडाळायला यंत्राची फिरकी. १ ऑगस्ट १९१९ रोजी एकामागे एक बांधलेल्या पतंगांची माळ तिथे ९७५० मीटरपर्यंत चढली. एव्हरेस्टच्या वर! आपल्या नाशिक-येवल्याच्या पतंगबहाद्दरांनी मनातल्या मनात टोपी काढावी असा हा विक्रम आहे.

पतंगांच्या मागून आला फुगा. रबरी फुगा, त्याला खाली लटकवलेली शंभर ग्रॅमच्या आसपासची उपकरणाची डबी, ती वर जाताजाता रेडिओवरून आकडे पाठवते. साधारण दीड तासात तीस-पस्तीस किलोमीटर उंची गाठून फुगा फुटतो आणि डबी पॅराशूटनं कुठेतरी पडते. जगभर हे फुगे एकाच वेळी सोडतात. भारतात ती वेळ येते पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच. पुणेकरांना शिवाजीनगरचं सिमला ऑफिस आठवत असेल. कित्येकांनी तिथे बसची वाट पाहिली असेल आणि पुण्यात सिमला कुठून आलं असा प्रश्न पडला असेल. तर हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये पुण्याला आलं, त्याआधी ते सिमल्याचं, म्हणून हे नाव. अ‍ॅना मणी यांनी भारतीय बनावटीची हवामान उपकरणं उभी केली, ती त्याच पुण्याच्या कचेरीत.

फुगा उत्तमच आहे, त्याला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण तो दिवसातून दोनदा जातो, ठरलेल्या जागेवरून जातो, आणि आपल्याला हवी असलेली पहिली दोन-तीनशे मीटरची हवा तो मिनिटभरात पार करतो. मधल्या बारा तासांत खालच्या हवेत जी उलथापालथ होते ती त्याला दिसत नाही. दुसरा उपाय मनोरे. इथल्या माक्स प्लांक संस्थेनं त्यातही मोठी उडी घेतली आहे. सैबेरियात सुमारे तीनशे मीटरचा आणि ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉनच्या जंगलात ३२५ मीटरचा, आयफेल टॉवरच्या तोडीचा मनोरा उभारण्यात तिचा हात आहे. पण मनोरा उचलून दुसऱ्या शेतात नेता येत नाही. मनोरा आणि फुगा यांच्या मधली जी फट आहे, तिथे ड्रोन बसतो.

ड्रोन म्हटलं की आपल्याला लग्नातला ड्रोन आठवतो. अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकं म्हणतायत आणि डोक्यावर हे घूंऽऽ! तोच प्राणी. फक्त कॅमेऱ्याऐवजी त्याला तापमान, आर्द्रता आणि दाब मोजणारे सेन्सर लावायचे. मी गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी हा उद्योग करतो. ऐकायला सोपं वाटतं, पण सेन्सर कुठे लावायचा यातच अर्धी अक्कल खर्ची पडते. पंखे वरची हवा ओढून खाली फेकतात, तेव्हा तुम्ही मोजता ती हवा तुम्ही आहात त्या उंचीची नसून थोडी वरची असते. मोटर तापते, बॅटरी तापते, ऊन पडतं. पोटाखाली सेन्सर चिकटवला तर ड्रोनचा स्वतःचाच ताप मोजून होतो! म्हणून तो उन्हापासून झाकून, मोटरपासून लांब आणि तरीही हवा खेळती राहील असा बसवावा लागतो. शिवाय सेन्सरला वेळ लागतो. काखेत थर्मामीटर धरून मिनिटभर थांबतो ना आपण, तसंच. भरकन वर नेलात तर ऐंशी मीटरवर असताना तो साठ मीटरचा आकडा सांगतो. वर जातानाची रेघ आणि उतरतानाची रेघ जुळली नाही, तर समजावं की घाई झाली.

वारा मोजायची युक्ती मात्र मला फार आवडते, कारण तिला वेगळं उपकरणच लागत नाही. पावसात छत्री घेऊन चाललेला माणूस वाऱ्याच्या दिशेनं झुकतो. जितका वारा जास्त तितका तो जास्त वाकतो. ड्रोनला एका जागी थांब म्हटलं की तोही तसाच वाऱ्याकडे झुकतो, आणि किती झुकलाय हे त्याला स्वतःला माहीत असतंच, नाहीतर तो पडला असता. त्या कोनावरून वाऱ्याचा वेग काढता येतो. जर्मन एअरोस्पेस सेंटरच्या शास्त्रज्ञांनी २०२० आणि २०२१ मध्ये त्याच लिंडेनबेर्गजवळ, फाल्केनबेर्गच्या ९९ मीटर मनोऱ्याशेजारी, छोट्या क्वाडकॉप्टरांचा एक थवाच एकत्र उडवून हे पडताळून पाहिलं. मनोऱ्यावरची उपकरणं काय सांगतात आणि थवा काय सांगतो ते शेजारी ठेवून. शंभर वर्षांपूर्वी जिथे पतंग उडाले तिथेच! (याच एअरोस्पेस सेंटरचं डेटा सायन्सचं इन्स्टिट्यूट आपल्या येनात आहे, २०१७ पासून. नोकरी शोधणाऱ्यांनी टिपून ठेवावं.)

स्वित्झर्लंडची मेटिओमॅटिक्स ही कंपनी तर सहा किलोमीटरपर्यंत जाणारे ड्रोन बनवते. ढगात शिरलं की पंख्यांवर बर्फ धरतं आणि ड्रोन दगडासारखा खाली येतो, म्हणून त्यांचे पंखे तापवता येतात. २०२४ मध्ये मार्च ते सप्टेंबर जागतिक हवामान संघटनेनं निरनिराळ्या देशांतल्या अशा ड्रोनांची एक मोठी प्रात्यक्षिक मोहीमही घेतली.

आपल्यासारख्या हौशी माणसाला मात्र इतकं वर जायची परवानगी नाही, आणि ते बरंच आहे. युरोपात ३१ डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू आहे. सर्वसाधारण वर्गात जमिनीपासून १२० मीटर ही कमाल उंची, आणि ड्रोन कायम नजरेसमोर हवा. म्हणजे येनटॉवरच्या गच्चीच्याही खालीच राहायचं, आणि धुक्यात तर उडवायचंच नाही, कारण नजरेसमोर राहणार कसा? कॅमेरा असेल तर नोंदणी, जर्मनीत विमा सक्तीचा, लोकांच्या घरांवरून आणि निसर्ग संरक्षित क्षेत्रांवरून बंदी. आपल्या केर्नबेर्गेचा बराच भाग संरक्षित आहे, तेव्हा दिवाळीत मुलाला ड्रोन घेऊन दिलात तर आधी नकाशा बघा, मग बॅटरी चार्ज करा. एक मेख मात्र कामाची आहे. १२० मीटर मोजायचे ते जवळच्या जमिनीपासून. म्हणजे उताराच्या कडेकडेनं चढत गेलात तर नियम न मोडता खोऱ्याच्या बऱ्याच वरपर्यंत मोजता येतं. मागच्या हिवाळ्यात एका निरभ्र संध्याकाळी, धुकं धरायच्या आधी, आम्ही तसंच केलं. ड्रोन वर चढत होता आणि लॅपटॉपवर तापमानाचा आकडा उतरायच्या ऐवजी चढत होता. पुस्तकात हे शंभरदा वाचलेलं असतं, पण स्वतःच्या आकड्यात पाहिलं की अंगावर काटा येतो, आणि तो थंडीचा नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, छान, छंद चांगला आहे, पण याचा उपयोग काय? माझ्या बायकोनंही हेच विचारलं होतं, जरा वेगळ्या शब्दांत.

येनाच्या उत्तरेला, त्स्वेत्सेनपासून पुढे बाड झुल्त्साकडे जाताना उतारांवर द्राक्षमळे दिसतात. झाले-उन्स्ट्रुट भागातली ही वाइनची द्राक्षं. २०२४ च्या एप्रिलमध्ये काय झालं ते आठवतंय? आधी ऊबदार दिवस आले, वेलींना लवकर कोंब फुटले आणि २२ एप्रिलनंतरच्या दोन-तीन रात्रींत कडक हिमतुषार पडला. कोवळे कोंब काळे पडले, वर्षाचं पीक बऱ्याच ठिकाणी त्या दोन रात्रींत गेलं. अशा रात्री इथले शेतकरी ओळींमधून मेणाच्या बादल्या पेटवतात, कुठे मोठाले पंखे लावतात. हे पंखे हवा गरम करत नाहीत. वरची ऊबदार हवा खाली खेचून मिसळतात, एवढंच. पण वर ऊबदार हवा असेल तरच! झाकण फार उंचावर असेल, किंवा थंडी वाऱ्याबरोबर सगळीकडून आलेली असेल, तर पंखा म्हणजे नुसतं डिझेल जाळणं. त्या रात्री, त्या मळ्यावर ऊब किती उंचीवर आहे, हा एकच आकडा लाखमोलाचा असतो. आणि तो बॉयटेनबेर्गच्या फाइलमध्येही नाही आणि पहाटेच्या फुग्यातही नाही.

हे मी ज्यांच्यामुळे शोधायला लागलो ते माझे मामा निफाड तालुक्यात द्राक्षं करतात. निफाडची थंडी नाशिककरांना सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी आली की घराघरात झोप उडते. ऐन डिसेंबर-जानेवारीत मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात आणि व्यापारी भाव पाडून मागतो. मग रात्री दोन-तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या, विहिरीचं पाणी सोडायचं. मामींसकट सगळं घर बागेत. लहानपणी मलाही त्यात मजा वाटायची. त्या शेकोटीवर कर्ज फिटणं न फिटणं अवलंबून आहे, हे कळायला वय वाढावं लागलं.

मी फोनवर मामांना विचारलं, "शेकोटीनं नेमकं काय होतं?" ते म्हणाले, "धुराचं पांघरूण होतं बागेवर." पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, पण शास्त्र थोडं वेगळं सांगतं. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता ते फारशी अडवत नाहीत. उपयोग होतो तो आगीच्या ऊबेचा आणि हवा हलल्याचा. म्हणून ओलं गवत टाकून धूर करण्यापेक्षा खूप ठिकाणी लहान लहान आगी बऱ्या. एकच मोठा जाळ केला तर त्याची गरम हवा झाकण फोडून वर निघून जाते आणि बाग तशीच गार राहते. पाणी सोडणं मात्र पक्कं शहाणपणाचं. विहिरीचं पाणी त्या हवेपेक्षा पुष्कळ कोमट असतं आणि ओली माती उष्णता धरून ठेवते. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तू तिकडं कंप्युटरचं काम करतोस ना?"

मी उत्साहात त्यांना म्हटलं, ड्रोन पाठवतो, तुमच्या बागेवरची हवा मोजू. फवारणीचे ड्रोन आता तिकडेही दिसतात, त्यामुळे त्यांना त्याचं नवल नव्हतं. त्यांनी विचारलं, "किती उंचीपर्यंत बघायचंय?" मी म्हटलं, पंखा लावायचा की नाही एवढंच ठरवायचं असेल तर दहा-पंधरा मीटर पुरे. त्यावर ते म्हणाले, "मग बांबू उभा करतो की! दोन एकाला एक बांधले तर तेवढे होतात. वर एक थर्मामीटर, खाली एक." मंडळी, या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचं बरोबर होतं. एका बागेसाठी, एका उंचीसाठी, रात्रभर न थकता उभा राहणारा बांबू ड्रोनपेक्षा सरस आहे. ड्रोनची बॅटरी वीस-पंचवीस मिनिटांत संपते आणि थंडीत त्याहूनही लवकर.

मग ड्रोन कशाला? तर तालुक्यासाठी. गार हवा कोणत्या ओढ्याकडून कुठल्या शिवारात साचते, कोणाच्या बागेवर झाकण किती उंच असतं, याचा नकाशा एका बांबूनं होत नाही. दोनशे बांबू लागतील, किंवा थंडीच्या आठ-दहा रात्री नीट आखून उडवलेला एक ड्रोन, अर्थात तिकडच्या रीतसर परवानगीनं. फुग्यांच्या जोडीला ड्रोन वापरण्याचा विचार भारतीय हवामान खात्यानंही बोलून दाखवला आहे. तो मोठ्या उंचीचा आणि मोठ्या पैशांचा मामला झाला. माझा डोळा पहिल्या शंभर मीटरवर आहे, कारण शेतकऱ्याचं जे काही जायचं ते तिथेच जातं.

सध्याची स्थिती अशी. मामांनी बांबू उभा केला आहे. त्यावरचे दोन सेन्सर मी इथून पाठवले, ते दर दहा मिनिटांनी आकडे पाठवतात, बॉयटेनबेर्गसारखेच. मध्यंतरी दोन दिवस वरच्या सेन्सरचे आकडे बंद झाले, तर मामांचा निरोप आला की त्यावर कावळा बसतो. डिसेंबरच्या सुट्टीत मी जातो आहे. परवानगीचे कागद हाती आले तर ड्रोन बरोबर असेल, नाही आले तर तिसरा बांबू जोडू.

वेळ संपली, आयोजक उभे राहिले आहेत. ड्रोन मागच्या टेबलावर ठेवला आहे, फराळाच्या शेजारी नाही, त्याच्या पलीकडच्या. मुलांनी जरूर बघावा, पण पंख्यांना हात लावू नये आणि हाताला चिवड्याचं तेल असेल तर सेन्सरलाही नको. कोणाच्या घरची द्राक्षं, डाळिंबं, कांदा गावाकडे असेल तर मला जेवताना भेटा. मला आणखी तीन-चार जागी बांबू उभे करायचे आहेत.